काजूच्या भट्टीची वाट

मार्च लागला की आमच्या कामाचं वेळापत्रक काजूची झाडं ठरवतात. फळ गळायला लागलं की सहली सुरू, आणि मे महिन्यात पावसाच्या दोन-चार जोरदार सरी येऊन गेल्या की बंद. भिजलेला बोंडू, म्हणजे काजूचं फळ, रानातच कुजतो, त्याच्या रसात राम उरत नाही. मग भट्टीवाले चूल विझवतात आणि मीही फोनवर विचारणाऱ्यांना सांगते, आता पुढच्या वर्षी या. गोव्यात पर्यटक बाराही महिने येतात, पण काजूची फेणी या तीनेक महिन्यांतच गाळली जाते. ती होताना पाहायची तर तिच्या वेळेलाच जावं लागतं.

हे दाखवण्याचंच मी काम करते. सकाळी पणजीहून आठ-दहा जणांना घेऊन आमची छोटी बस निघते. डिचोली, साखळी, होंडा करत वाळपईच्या पुढे सत्तरीच्या डोंगरात शिरायचं, काजूच्या रानात थोडं चालायचं, भट्टीवर दोन-तीन तास बसायचं, त्याच घरी जेवायचं आणि परतताना बार्देशातल्या एका जुन्या घरात जपून ठेवलेली फेणी पाहायची, असा आमचा दिवस. पाहुणे पुण्या-मुंबईचे असतात, बेंगळुरूचे असतात, काही परदेशी. त्यांच्यातले बरेच जण बसमध्येच सांगून टाकतात, की फेणी एकदा घेतली होती, पण तो वास काही सहन झाला नाही. मी ऐकून घेते. वासावर बोलायचं तर तो कुठून येतो हे आधी पाहावं, आणि ते पाहायला रानात पाय टाकावा लागतो.

मी मूळची दोडामार्गची. आमचा तालुका महाराष्ट्रातला, पण गोव्याला अगदी खेटून. आमच्याकडची माणसं कामाला गोव्यात जातात, दुखणं वाढलं तर बांबोळीच्या इस्पितळात जातात, आणि तिळारी धरणाचं पाणी आमच्याकडून गोव्याच्या शेतांत जातं. मीही हॉटेलात नोकरी करायला म्हणून आले आणि पुढे या कामात शिरले. घरी काजूची बाग आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने तयार केलेली वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ही कलमं बाबांनी एकेक करून लावली. हंगामात आम्ही भावंडं पहाटे बागेत जायचो. गळलेला बोंडू उचलायचा, पिरगळून बी काढायची, बी बादलीत आणि बोंडू झाडाखाली. बीला भाव होता, बोंडूला नव्हता. गुरांनी खाल्ले तेवढे खाल्ले, उरलेल्यांचे ढीग आंबत पडायचे आणि त्यांवर माश्या घोंगावायच्या. फळाच्या वजनातला बीचा वाटा अगदी थोडा असतो, बाकी सगळा बोंडू. म्हणजे झाडाने वर्षभर जमवलेल्यातलं बरंचसं आम्ही तिथेच टाकून घरी येत होतो. हे तेव्हा कुणाला खटकत नव्हतं. मलाही नाही. सत्तरीतल्या भट्टीवर पहिल्यांदा गेले तेव्हा खटकलं.

रानात उतरल्यावर मी प्रत्येकाला एक गळलेला बोंडू हातात घ्यायला सांगते. शहरातल्या माणसाने काजूगर खाल्लेला असतो, पण तो फळाच्या बाहेर, टोकाशी लटकलेला असतो हे बहुतेकांना ठाऊक नसतं. बी दाताने फोडू नका, हे सर्वांत आधी बजावावं लागतं, कारण तिच्या टरफलातलं तेल कातडी भाजून काढतं. मग बोंडूचा एक चावा. आधी रस, मग गोडी, आणि शेवटी जीभ आवळून धरणारा तुरटपणा. घसा खवखवतो. संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व या फळात आहे, पण त्याची साल इतकी नाजूक की एका दिवसापलीकडे ते टिकत नाही. म्हणून हे फळ बाजारात दिसत नाही, आणि म्हणूनच ज्या दिवशी गळलं त्या दिवशी त्याचं काही तरी करणं भाग असतं.

फेणीसाठी फळ झाडावरून काढत नाहीत. ते आपणहून गळायला हवं, तरच त्यात पुरती साखर उतरलेली असते. गोळा करणाऱ्या बहुतेक बायका. टोकाला खिळा ठोकलेली काठी त्यांच्या हातात असते, त्यामुळे प्रत्येक फळासाठी वाकावं लागत नाही. तरी उतारावरून, सुक्या पाल्यावरून पाय घसरतोच. पाहुण्यांना मी अर्धा तास गोळा करायला लावते. सुरुवातीला हौस असते, फोटो काढणं चालतं. पंधरा मिनिटांनी बोलणं कमी होतं, पाठ बोलू लागते. टोपलीच्या तळाशी चार फळं दिसतात आणि शेजारच्या बाईची टोपली भरलेली असते. तिथून पुढचा दिवस वेगळा जातो. मग मी जे सांगते ते लोक कानांनीच नाही, पाठीने आणि गुडघ्यांनीही ऐकतात.

काजू मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तो इथे आणला. माडाच्या सुरेपासून, म्हणजे माडीपासून, दारू गाळण्याचा जाणता हात गोव्यात आधीपासून होता. तोच पुढे या नव्या फळाकडे वळला. झाड परदेशातून आलं, पण त्याच्या बोंडूपासून काय करायचं हे इथल्या गावांनी शोधलं. ही गोष्ट मी पाहुण्यांना आवर्जून सांगते, कारण गोव्यातलं सगळं चांगलं कुणीतरी बाहेरून आणून दिलं असा समज घेऊन बरेच जण येतात.

रानाच्या कडेला जांभ्यात कोरलेलं एक उथळ कुंड आहे. त्याला कोळंबी म्हणतात. पूर्वी त्यात बोंडू ओतून पायांनी तुडवायचे. आता पिळण्याचं यंत्र आलं आहे, पण आमच्या भट्टीवाल्या काकांनी थोडा माल अजून पायांनी तुडवायचा ठेवला आहे. तुडवून झाल्यावर चोथ्याचा ढीग करतात, रानवेलीने घट्ट आवळतात आणि वर जड दगड ठेवतात. त्या ढिगातून आपल्या गतीने थेंब थेंब निथळतो तो निरो. स्वच्छ, गोड, थंडगार. उन्हातून आलेल्या माणसाच्या हातात निरोचा पेला दिला की त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. निरोत दारूचा अंश नाही, पण तो सकाळीच प्यावा लागतो. ऊन चढेल तसा तो आंबू लागतो. सोबत आलेली मुलं असतात, दारू न घेणारे असतात, त्यांच्यासाठी हा दिवसातला सर्वांत मोठा मान.

आंबवण्यासाठी रस पिंपात जातो. पूर्वी मातीचे मोठे रांजण असत, आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकची पिंपं आहेत. यात यीस्ट घालत नाहीत, साखर घालत नाहीत, पाणीही नाही. फळाच्या सालीवर आणि रानाच्या हवेत जे असतं तेच रसात काम सुरू करतं. तीनेक दिवस रस खदखदत राहतो, फेस वर येतो आणि हळूहळू बसतो. काका पिंपाला कान लावतात. आवाज मंदावला, फेस उतरला, की रस भट्टीवर चढवायला तयार. एक दिवस आधी काढला तर गोडी वाया, एक दिवस उशीर झाला तर आंबट शिर्क्याकडे झुकलेला. उष्मा जास्त असेल तर हे सगळं लवकर होतं, ढगाळ हवा असेल तर रेंगाळतं. त्यामुळे कुणी विचारलं, की नेमके किती तास लागतात, तर मी त्यांना काकांसारखा कान लावायला सांगते.

भट्टी म्हणजे चुलीवरचं तांब्याचं मोठं भांडं. त्याला भाण म्हणतात. जुन्या काळी ते मातीचं असे. आंबलेला रस भाणात, वर झाकण, आणि झाकणाच्या सांध्यांना चिकणमाती व कापडाच्या पट्ट्यांचा लेप, म्हणजे वाफ कुठूनच निसटू नये. भाणातून निघालेली नळी लावणी नावाच्या दुसऱ्या भांड्यात जाते, आणि लावणीवर सतत थंड पाणी ओतावं लागतं. भात शिजताना झाकणाच्या आतल्या बाजूला घाम धरतो, तेच इथे मोठ्या प्रमाणावर घडतं, एवढं सांगितलं की सगळ्यांच्या ध्यानात येतं. दारूचा अंश पाण्याआधी, ७८ अंश सेल्सिअसच्या सुमाराला उकळतो. वाफेत तो आधी निघून येतो आणि थंड होऊन थेंबांनी पडू लागतो. पहिल्या गाळणीतून निघतो तो हुर्राक. हुर्राक ताज्या आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा गाळला की फेणी.

सांगायला हे सोपं आहे. अवघड आहे ती आच. लाकडं जास्त सारली तर रस उतू जाऊन नळीत शिरतो किंवा तळाला लागतो, आणि करपलेला वास सगळ्या गाळणीत उतरतो. आच कमी पडली तर धार तुटते. भट्टीवरच्या काकी चुलीपाशी बसून असतात. नजर पाहुण्यांकडे असते, गप्पा चालू असतात, पण धारेचा आवाज जरा बदलला की हात आपसूक लाकडाकडे जातो. घराघरांत अशी जोडपी आहेत: बोलायला पुढे नवरा, कागदावर नाव नवऱ्याचं, पण आच बाईच्या हातात. म्हणून पाहुण्यांचे प्रश्न मी आधी काकींकडे वळवते. सुरुवातीला त्या हसून काकांकडे बोट दाखवायच्या. आता त्या स्वतः करवंटीत थोडी फेणी घेतात, उंचावरून दुसऱ्या करवंटीत ओततात आणि वर उठणारे मोती पाहुण्यांना दाखवतात. मोती किती मोठे, किती वेळ टिकतात, यावरून फेणीचा जोर कळतो. मग ग्राव, म्हणजे दारूच्या जोराचं माप, मोजण्याचं काचेचं मापक बुडवलं जातं. फेणी साधारण १९ ते २० ग्राव भरते. हुर्राक त्याहून बराच सौम्य. काकींचा अंदाज आणि मापकाचा आकडा जवळजवळ जुळतात तेव्हा पाहुणे टाळ्या वाजवतात, आणि काकी पुन्हा चुलीकडे वळतात.

चव घेण्याच्या वेळी माझे काही नियम आहेत. आधी जेवण. प्रत्येकाला दोन घोट, त्यापेक्षा जास्त कुणालाच नाही. बसचे चालक आणि मी थेंबही घेत नाही. २१ वर्षांखालच्या कुणाच्याही हाती पेला जात नाही. हुर्राक गोव्याच्या रीतीने देते: लिंबाचं सरबत किंवा लिम्का, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. फेणी मात्र तशीच. आधी हातावर दोन थेंब चोळून हुंगायला सांगते. सकाळी चावलेला बोंडू, चोथ्याचा ढीग, पिंपातला फेस, लाकडाचा धूर, हे सगळं एकामागून एक नाकाशी येतं. ज्याने बसमध्ये वासाची तक्रार केलेली असते तो माणूस बरेचदा बराच वेळ हात नाकाशी धरून बसतो. चव आवडलीच पाहिजे असा माझा आग्रह नाही. पण वास ओळखीचा झालेला असतो.

जास्त पिऊ द्या, पैसे देतो, असं म्हणणारेही येतात. त्यांना नाही म्हणणं हा माझ्या कामाचाच भाग आहे, आणि ते मी हात जोडून, पण ठामपणे करते. बसभर लोक झिंगले तर तो दिवस काकींच्या घराचा राहत नाही.

एकदा पुण्याहून आलेल्या ताईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "दारूचं एवढं कौतुक कशाला? माझ्या माहेराची धूळधाण याच बाटलीने केली." त्या मैत्रिणींसोबत आल्या होत्या, सकाळपासून गप्प होत्या. मी म्हटलं, "ताई, तुमचं खरं आहे. आमच्या गावातही अशी घरं आहेत." फेणी औषधी आहे, फेणी साधी आहे, असं बोलून त्यांचं दुःख मी झाकू शकत नव्हते. झाकायचंही नव्हतं. खोकल्याला घोटभर फेणी देणारी आजी गोव्यात घरोघर आहे, आणि फेणीपायी संसार मोडलेली बाईही आहे. दोन्ही गोष्टी माझ्या बोलण्यात यायला हव्यात, हे त्या दिवसापासून मी पक्कं केलं. त्या ताई नंतर काकींजवळ चुलीपाशी जाऊन बसल्या. निघताना म्हणाल्या, "दारूवरचा राग माझा तसाच आहे. पण या बाईच्या कष्टाला मी नावं ठेवणार नाही." मला ते वाक्य फार मोलाचं वाटतं. कष्टाचा मान आणि व्यसनाचा धोका, दोन्ही एका वेळी डोळ्यांपुढे ठेवता येतात. दाखवणाऱ्याने ते ठेवायला हवेत.

गोव्याच्या गावांनी फेणीला जागा नेमून दिली आहे, तीही मी सांगते. राखणदाराला, म्हणजे गावाच्या रक्षक देवाला, सोरो (दारू) आणि रोट (जाड भाकरी) देण्याची रीत आहे. २४ जूनला, सांजांवच्या सणादिवशी, विहिरीत उड्या मारणाऱ्या तरुणांना घरोघरी नव्या हंगामाची फेणी मिळते. रानातून रस काढण्याच्या हक्काचा दरवर्षी लिलाव होतो, त्याला पावणी म्हणतात. देव, सण, सरकार, तिघांच्याही वहीत जिची नोंद आहे ती वस्तू चोरून करायची राहत नाही. उघड्यावर होते म्हणून ती नीट होते, आणि नीट झाली की अभिमानाने दाखवता येते.

दुपारी आम्ही बार्देशात येतो. ज्या जुन्या घरात जातो तिथल्या तळघरात गराफावांची रांग आहे. गराफाव म्हणजे काचेचा मोठा फुगीर शिसा, भोवती वेताचं विणकाम. फेणी लाकडाच्या पिंपात मुरवण्याची इथे रीत नाही. काचेत ती आपला वास टिकवून निवत जाते, तिचा तिखटपणा ओसरतो. तिथे मी पाहुण्यांना कायद्याची गोष्ट सांगते. २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव फक्त गोव्यात गाळलेल्या मालालाच लावता येतं. २०१६ मध्ये राज्याने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. पण त्याआधी कितीतरी वर्षं ती कागदोपत्री देशी दारूच्या रांगेत बसली होती, आणि त्यामुळे राज्याबाहेर तिला दुकानात जागा मिळणं कठीण होतं. स्कॉटलंडच्या खेड्यातली व्हिस्की आणि मेक्सिकोच्या खेड्यातली तकिला मानाने काचेच्या कपाटात, आणि सत्तरीच्या काकींची फेणी फडताळाच्या खालच्या खणात. बाटलीबंद फेणीवर ४२.८ टक्के हा आकडा छापलेला असतो, पण तीन महिन्यांचं रान, उतार आणि धूर त्यावर कुठे छापणार? त्यासाठीच आमची बस जाते.

हंगाम संपला की आम्ही दक्षिणेला वळतो, माडाच्या फेणीकडे. ती सुरेपासून होते आणि वर्षभर होऊ शकते. रेंदेर, म्हणजे सूर काढणारा, दिवसातून तीनदा माडावर चढतो: सकाळ-संध्याकाळ सूर उतरवायला आणि दुपारी पोयीला, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याच्या कोंबाला, धार द्यायला. पण चढणारे हात झपाट्याने कमी होत आहेत. मुलं शिकली, बोटीवर गेली, परदेशी गेली, आणि बापाच्या कमरेचा कोयता खुंटीवर लागला. एका रेंदेर काकांनी पाहुण्यांसमोर मला सांगितलं, की मुलगा चढत नाही याचं मला वाईट वाटत नाही, पडून पाय मोडला तर घर कोण चालवणार? मी त्यावर काही बोलले नाही. परंपरा टिकावी असं मला मनापासून वाटतं, पण ती कुणाच्या पाठीवर टिकते आणि त्याला काय मिळतं, हे विचारल्याशिवाय तसं म्हणण्याचा हक्क मला नाही. म्हणून सहलीच्या पैशातला भट्टीचा आणि माडाचा वाटा आम्ही आधी बाजूला काढतो. ही मेहरबानी नाही. पाहुणे ज्यांचं काम पाहायला आले त्यांना त्या दिवसाची मजुरी मिळायलाच हवी.

या कामातून मला एक गोष्ट पुरती पटली आहे. वस्तूला भाव मिळतो तो ती वस्तू घडताना पाहिलेल्या माणसांमुळे. जे लोक रानात अर्धा तास वाकले, ते दुकानात स्वस्त, सुवास मिसळलेली नकली बाटली उचलत नाहीत. ते लेबल वाचतात, कुठे गाळली हे विचारतात, आणि थोडी पितात. कमी पिणारं आणि जास्त विचारणारं गिऱ्हाईकच भट्टी जगवू शकतं.

म्हणून आमच्या दोडामार्गच्या बोंडूचा विचार सुटत नाही. बोंडूपासून रीतसर पेय करू द्या, ही कोकणातल्या बागायतदारांची मागणी जुनी आहे. परवाने आणि धोरणं सरकारने ठरवावीत, घाईने ठरवू नयेत, आणि त्या पुण्याच्या ताईंसारख्या बायकांनाही त्यात बोलू द्यावं. पण बोंडूचं दारूशिवायही पुष्कळ होतं. निरो आहे, सरबत आहे, सिरप आहे, गावातल्या बचत गटाच्या बायका मुरंबा करून पाहत आहेत. अडचण कौशल्याची नाही. आपल्या झाडाखाली काय पडलं आहे याकडे आपण पाहतच नाही, ही अडचण आहे.

पुढच्या मार्चपासून सहलीचा पहिला थांबा आमच्या बागेत असेल. बाबांशी बोलणं झालं आहे. पाहुणे सीमेच्या अलीकडे टाकलेला बोंडू पाहतील, गटाच्या बायकांचं सरबत विकत घेऊन पितील, आणि मग सीमा ओलांडून काकींच्या भट्टीवर जातील. एकाच फळाची दोन नशिबं एका सकाळीत पाहिली, की पुढचा प्रश्न ते आपणहून विचारतील. तो प्रश्न आमच्या गावात मोठ्याने विचारला जावा, एवढ्यासाठी मला हा थांबा हवा आहे.